आईच्या गाण्याच्या धड्यांसाठी व्हिडिओ प्लेअर हवा आहे: कोण कुठे थांबलं, कुठे परत मागे गेलं हे कळायला पाहिजे

लष्करची_लेक, ग्वाल्हेर
सोमवार, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. जरा लांब लिहिते आहे, सांभाळून घ्या.

माझी आई पंचवीसहून जास्त वर्षं ग्वाल्हेरच्या लष्कर भागात आमच्या घरी गाणं शिकवते. ग्वाल्हेर गायकी. २०२० मध्ये मुलांचं घरी येणं बंद झालं तेव्हा स्टँडवर फोन लावून मी तिचे धडे रेकॉर्ड करायला लागले. आज दीडशेच्या आसपास धडे आहेत, एकेक वीस ते पस्तीस मिनिटांचा. शिकणारे चाळीसेक. निम्मे इथले, बाकी नागपूर, पुणे, इंदूर, आणि दोघीजणी कॅनडात. साइट वर्डप्रेसवर आहे, मीच सांभाळते. व्हिडिओ यूट्यूबवर 'अनलिस्टेड' (दुवा असेल त्यालाच दिसतील असे) ठेवून साइटवर एम्बेड केलेत.

आता अडचण. समोर बसलेल्या मुलाचं तोंड बघून आईला कळतं की हमीर रागात याचा धैवत कुठे हुकतोय, कोणती जागा डोक्यावरून गेली. शनिवारी सगळे ऑनलाइन भेटतात तेव्हा मात्र "हो काकू, समजलं" एवढंच. व्हिडिओ बघताना कोण कुठे अडलं हे आईपर्यंत पोचतच नाही.

धड्याचा कोणता भाग किती बघितला जातो याचा यूट्यूबचा आलेख मी बघते. हमीरच्या धड्यात सतराव्या मिनिटाशी त्याला उंचवटा आहे, रेषा १०० टक्क्यांच्याही वर जाते, म्हणजे लोक तो तुकडा पुन्हा पुन्हा बघतात. पण एकच मुलगा दहा वेळा मागे गेला की दहाजण एकेकदा गेले, हे त्यातून कळत नाही. आईला नेमकं तेच हवं आहे. एकजण अडला असेल तर त्याच्याकडून करून घ्यायचं, दहाजण अडले असतील तर चूक धड्याची.

शिवाय व्हिडिओ संपला की खाली आणखी व्हिडिओ येतात. एम्बेडमधली 'रेल' ही सेटिंग शून्य ठेवली तरी २०१८ पासून ते पूर्ण बंद होत नाहीत, फक्त आपल्याच चॅनेलचे दाखवतात. नवख्या मुलाला पहिल्या यमननंतर एकदम तिसऱ्या वर्षाची तान दिसते.

तेव्हा ही मोजणी आतच असलेला कोणता प्लेअर घ्यावा? महिन्याला हजार-दीड हजारापर्यंत खर्च चालेल. थोडं जावास्क्रिप्ट येतं मला, फार नाही.

---

पलासिया_चौक, इंदूर
सोमवार, रात्री ११.०५

ताई, इथल्या एका कोचिंग ॲपचं व्हिडिओचं काम मी सात वर्षं करतो आहे. तुमचा प्रश्न वाचून लगेच लिहायला बसलो, कारण प्लेअर निवडताना सगळे जिथे गोंधळतात ती जागा तुम्ही नेमकी पकडली आहे.

'आत ॲनालिटिक्स, म्हणजे मोजणी, असलेला प्लेअर' या एका नावाखाली दोन वेगळ्या गोष्टी विकल्या जातात. पहिली, व्हिडिओ नीट चालला का. दाबल्यापासून पहिलं चित्र दिसेपर्यंत किती वेळ गेला, मधे चक्र किती वेळा आणि किती सेकंद फिरलं, चालूच झाला नाही असं किती वेळा झालं, चित्र किती खालच्या दर्जावर उतरलं. दुसरी, माणसाने काय बघितलं. कुठला तुकडा, किती वेळा, कुठून मागे गेला, कुठे सोडून दिलं. मक्स आणि बिटमोव्हिन या सेवांची ताकद पहिल्यात आहे. दुसऱ्यात विस्टिया या सेवेचं नाव घ्यावं लागेल. तिथे एकेका प्रेक्षकाची आडवी पट्टी दिसते आणि पुन्हा बघितलेला भाग वेगळ्या रंगात येतो. तुम्हाला दुसरी गोष्ट हवी आहे, पण पहिलीशिवाय दुसरीचा अर्थ लावू नका. लोक सतराव्या मिनिटाला मागे जातात ते तान अवघड म्हणून, की तिथे व्हिडिओ अडकतो म्हणून? दोन्ही आकडे शेजारी असले तरच कळतं.

आता मोजणी कशी होते ते. ब्राउझरचा व्हिडिओ घटक स्वतःच सगळं सांगत असतो. 'प्ले', 'पॉज', मागे-पुढे गेल्यावर 'सीकिंग' आणि 'सीक्ड', डेटा संपून थांबल्यावर 'वेटिंग', पुन्हा चालल्यावर 'प्लेइंग', वेग बदलल्यावर 'रेटचेंज', शेवटी 'एण्डेड', बिघडल्यावर 'एरर'. चालू असताना 'टाइमअपडेट' सेकंदाला साधारण चारदा येतो. विकतचं कुठलंही ॲनालिटिक्स याच खुणा गोळा करतं. फरक पडतो तो पुढे, त्या खुणांचं ते काय करतात यात.

आणि घोळ तिथेच होतो. आमच्या जुन्या डॅशबोर्डवर एका धड्याला ९० टक्के मुलांनी 'पूर्ण बघितला' असं दिसायचं. खोदल्यावर कळलं की तो डॅशबोर्ड फक्त सगळ्यात पुढे पोचलेला सेकंद धरत होता. धडा संपल्याशिवाय चाचणी उघडत नव्हती, म्हणून मुलं पट्टी धरून शेवटाला ओढत होती. कोणताही प्लेअर घेण्याआधी हे स्वतः करून बघा: धडा लावा, वीस सेकंद बघा, सरळ शेवटी जा, मग तो किती टक्के सांगतो बघा. शंभर सांगितलं तर तो तुमच्या कामाचा नाही.

पर्याय असे. प्लिर हा छोटा, देखणा आणि एमआयटी परवान्याचा, म्हणजे फुकट वापरता येणारा, पण मोजणी काही नाही. व्हिडिओ.जेएस जुना आणि भक्कम. २०१० मध्ये स्टीव्ह हेफरनन यांनी सुरू केला, हेच गृहस्थ पुढे मक्सच्या संस्थापकांपैकी एक. मोजणी त्यातही आयती नाही, पण प्लगइन जोडायला सोपा, आणि मक्सचं मोजणीचं जोडकाम त्याच्यावर बसतं. गूगलचा शाका प्लेअर 'गेटस्टॅट्स' विचारला की चालल्याचा वेळ, अडकल्याचा वेळ, गळलेल्या फ्रेम्स, कोणत्या दर्जावरून कोणत्यावर उडी मारली हे सगळं देतो. पण तो देतो ब्राउझरच्या आत. ते साठवायला सर्व्हर तुमचाच लागेल. मक्सचा स्वतःचा प्लेअर घेतलात तर मोजणी आतच आहे. जेडब्ल्यू प्लेअर, बिटमोव्हिन हे मोठ्या कंपन्यांसाठी. विस्टिया, व्हिमिओ, बनी स्ट्रीम, क्लाउडफ्लेअर स्ट्रीम इथे साठवण, प्लेअर आणि आकडे एकत्र मिळतात.

चाळीस शिकणाऱ्यांसाठी माझा कौल: व्हिडिओ.जेएस घ्या आणि मोजणी स्वतः लिहा. शंभर ओळींचंही काम नाही. मी मदत करतो.

---

अमरकोश_वाचक, पुणे
मंगळवार, सकाळी ७.१५

वाचतोय. आमचे संस्कृतचे वर्ग आहेत, अगदी हाच प्रश्न.

---

सूरसागरकाठी, बडोदा
मंगळवार, सकाळी ९.३०

मी दांडिया बाजारातल्या एका नृत्यवर्गाचे व्हिडिओ बघतो. पलासिया यांचं बरोबरच आहे, पण आयती सेवा घेणाऱ्याचा अनुभवही इथे असावा म्हणून लिहितो.

आम्ही एक विकतची सेवा घेतली होती, नाव सांगत नाही. आकडे सुरेख दिसायचे. दोन गोष्टी उशिरा कळल्या. एक, बिल साठवलेल्या आणि बघितलेल्या मिनिटांवर यायचं. आमच्या मुली एकच तिहाई पंधरा वेळा बघतात. म्हणजे जितका रियाझ जास्त तितकं बिल जास्त. गाण्याच्या वर्गातही हेच होणार, तेव्हा हिशोब चाळीस जणांच्या एकेका वेळेवर न मांडता दहादहा वेळांवर मांडा. दोन, बारीक नोंदी ते ठरावीक दिवसच ठेवत, त्यानंतर फक्त बेरजा उरायच्या. वर्षभराने "गेल्या पावसाळ्यातली तुकडी याच धड्यात अडली होती का" हे बघायला गेलो तर कच्चा माल शिल्लकच नव्हता. त्यामुळे कोणाकडेही जा, पहिला प्रश्न हा विचारा: कच्च्या नोंदी मला उतरवून घेता येतात का, आणि किती दिवसांपर्यंत?

सरासरीकडेही लक्ष असू द्या. आमची सुरू व्हायची सरासरी वेळ दोन सेकंदांच्या आत दिसायची आणि मी निर्धास्त होतो. डभोईकडच्या एका मुलीच्या आईने फोन करून सांगितलं की व्हिडिओ लागायला इतका वेळ जातो की पोरगी कंटाळून उठते. शंभरातल्या नव्वदांचं छान चाललेलं असतं आणि उरलेल्या दहांचं रडणं सरासरीत बुडून जातं. मधला आकडा बघा आणि त्याच्या शेजारी ९५वा शतमक बघा, म्हणजे शंभरातल्या पंच्याण्णवांना ज्याच्या आतच वेळ लागतो तो आकडा. तो दाखवत नसेल तर तो डॅशबोर्ड अपुरा.

---

लष्करची_लेक, ग्वाल्हेर
मंगळवार, रात्री १०.२०

दोघांचेही मनापासून आभार. शेवटाला ओढून बघण्याची परीक्षा आजच तीन ठिकाणी घेतली, एक नापास झाला!

दोन शंका. आमची मुलं तानेचा तुकडा हळू करून ऐकतात, ०.७५ वर. त्याने सूर उतरतो का? काळी दोनची पट्टी पांढरी एक झाली तर आई मला घरात घेणार नाही. आणि मला एक बटण हवंय, ज्याने दोन खुणांमधला तुकडा आपोआप फिरत राहील. त्या फिरण्याने मोजणी बिघडेल का?

---

पलासिया_चौक, इंदूर
मंगळवार, रात्री ११.४५

सूर उतरत नाही. व्हिडिओ घटकाला 'प्रिझर्व्ह्सपिच' नावाचा गुण असतो आणि तो मुळातच चालू असतो. वेग कमी झाला तरी षड्ज जागेवर राहतो. तानपुऱ्याच्या आवाजाला मात्र किंचित खरखर येते, कारण ब्राउझर आवाजाचे बारीक तुकडे ताणून जोडतो. ०.७५ पर्यंत चालून जातं, ०.५ वर कानाला खुपतं.

पण वेगामुळे मोजणीत एक खड्डा पडतो. ०.७५ वर तीस मिनिटांचा धडा ऐकायला घड्याळात चाळीस मिनिटं लागतात. आता 'किती वेळ बघितला' याचं उत्तर तीस की चाळीस? दोन्ही लिहा, वेगळ्या रकान्यात. शिक्षकाला घड्याळाचा वेळ हवा असतो, कारण रियाझ तेवढा झाला. धड्याचा कोणता भाग ऐकला हे बघायला मात्र व्हिडिओचा वेळ लागतो. बऱ्याच तयार सेवा यातला एकच आकडा दाखवतात आणि कोणता ते ठळकपणे सांगत नाहीत.

फिरत्या तुकड्याचं तुम्ही बरोबर ओळखलंत. बटणाने मागे नेलं तरी ब्राउझर 'सीकिंग' म्हणूनच ओरडतो. पट्टी धरून माणूस मागे गेला आणि बटणाने फिरवलं, हे प्लेअरला सारखंच दिसतं. म्हणून आपल्या बटणाने उडी मारण्याआधी एक खूण लावून ठेवायची, 'ही उडी माझी', आणि नोंद वेगळी करायची. तुमच्या कामात हे फार महत्त्वाचं आहे. बटण लावून वीस वेळा ऐकणारा मुलगा रियाझ करतो आहे. पट्टी चाचपडत चारदा मागे जाणारा काहीतरी शोधतो आहे.

नोंद ठेवायची पद्धत: धड्याचे पाच-पाच सेकंदांचे कप्पे करा. तीस मिनिटांचे ३६० कप्पे. जो कप्पा वाजला त्यात एक मिळवा. ब्राउझर स्वतः 'प्लेड' म्हणून वाजलेल्या भागांची यादी देतो, पण त्यात एकदा ऐकलं काय आणि दहादा ऐकलं काय, एकच दिसतं. त्यावर विसंबू नका.

दर दहा-पंधरा सेकंदांनी गोळा झालेलं सर्व्हरला पाठवा. शेवटचं पान बंद होताना पाठवू असं ठरवलंत तर फोनवर निम्मं हरवेल, कारण फोनवर पान 'बंद' होतच नाही, माणूस दुसऱ्या ॲपवर जातो. पान नजरेआड झालं की 'व्हिजिबिलिटीचेंज' येतो, तेव्हा ब्राउझरच्या 'सेंडबीकन' या आज्ञेने पाठवायचं. आणि पाठवायचं आपल्याच साइटच्या पत्त्यावर. बाहेरच्या ॲनालिटिक्सचे पत्ते जाहिराती रोखणारी प्लगइन्स अडवतात, मग तेवढी मुलं मोजणीतून गायब होतात.

---

तळजाई_टेकडी, पुणे
बुधवार, दुपारी १.१०

आयफोनचं कोणी बोललं नाही म्हणून. पुढेमागे एचएलएसवर जायचं ठरवलंत, म्हणजे व्हिडिओचे छोटे तुकडे आणि नेटप्रमाणे दर्जा वर-खाली, तर एक लक्षात ठेवा. एचएलएस ॲपलनेच २००९ मध्ये आणलं, त्यांच्या सफारी ब्राउझरला ते आपसूकच येतं. बाकीच्या ब्राउझरांसाठी साधारण एचएलएस.जेएस ही जावास्क्रिप्ट लायब्ररी वापरतात. पण त्याला जी सोय लागते ती आयफोनवर २०२३ मध्ये आयओएस १७.१ येईपर्यंत नव्हती. जुन्या आयफोनवर व्हिडिओ छान चालेल, पण चालवेल सफारी स्वतः. दर्जा कधी बदलला, कोणता तुकडा उतरायला किती वेळ लागला, या एचएलएस.जेएसकडून मिळणाऱ्या नोंदी तिथून येणार नाहीत. म्हणून मोजणी व्हिडिओ घटकाच्या खुणांवर उभी करा, एचएलएस.जेएसच्या नाही.

दुसरं, आयफोनवर पूर्ण पडदा केला की ॲपलचा स्वतःचा प्लेअर येतो आणि तुमचं फिरवायचं बटण नाहीसं होतं. 'प्लेजइनलाइन' लावा, म्हणजे प्ले दाबल्यावर व्हिडिओ आपोआप पूर्ण पडद्यावर न जाता पानातच राहील.

---

जयेंद्रगंज_वकील, ग्वाल्हेर
बुधवार, सायंकाळी ६.५०

मी वकिली करतो, व्हिडिओतलं मला कळत नाही. पण वाचताना एक ठिकाणी थबकलो. शिकणाऱ्यांत १८ वर्षांखालची मुलं आहेत का?

डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३ मध्ये १८ पूर्ण न झालेली व्यक्ती म्हणजे बालक. त्यांची वैयक्तिक माहिती वापरायची तर पालकांची पडताळता येईल अशी संमती लागते. कलम ९ मध्ये बालकांचा माग काढणं किंवा त्यांच्या वागण्यावर पाळत ठेवणं याला मनाई आहे. काही वर्गांना सवलत देण्याची तरतूद कायद्यातच आहे. घरगुती संगीतवर्ग त्यात बसतो की नाही हे कागद बघून ठरवावं लागेल, पण तुम्ही "कोण कुठे मागे गेलं" हे नावानिशी लिहून ठेवणार असाल तर आधी त्याचा विचार करा. घरगुती वर्ग आहे, आम्हाला कोण विचारतंय, असं मात्र धरून चालू नका.

---

खमाज_ऐकणारी, नागपूर
बुधवार, रात्री ८.३०

मी शिकणारी आहे. या काकूंची नाही, दुसऱ्या गुरूंची. वयाने बावन्न.

मला हा सगळा बेत पटलेला नाही, आणि ते स्पष्ट सांगावंसं वाटतं. मी व्हिडिओ लावून एकटी बसते तेव्हा एकच जागा तीस वेळा मागे जाऊन ऐकते. चुकीचं गाते. मधेच रडूही येतं. ते माझं एकटीचं असतं, म्हणून मी तीस वेळा मागे जाऊ शकते. गुरूंना ते दिसतं आहे असं कळलं तर मी तिसऱ्या वेळेला थांबेन. "हिला अजून जमत नाही" असं त्यांना वाटू नये म्हणून धडा सरळ शेवटपर्यंत चालवेन. मग तुमच्या नोंदीत मी हुशार दिसेन आणि माझं गाणं तिथेच राहील.

---

लष्करची_लेक, ग्वाल्हेर
गुरुवार, रात्री १०.०५

खमाज ताई, तुमचा प्रतिसाद मी आईला मोठ्याने वाचून दाखवला. ती बराच वेळ बोलली नाही. मग तिने ती आख्यायिका काढली, जी ग्वाल्हेरच्या प्रत्येक घरात कधी ना कधी सांगतात: ग्वाल्हेर घराण्याच्या हद्दू खाँ, हस्सू खाँ या भावांनी गवई बडे महंमद खाँची तान पडद्याआड बसून महिनोन्‌महिने ऐकली आणि उचलली. आई म्हणाली, "तिथे शिकणारे पडद्यामागे होते आणि गाणारा समोर. तू शिकणाऱ्याला समोर बसवून मला पडद्यामागे बसवते आहेस. हे उलटं आहे. मला नावं नकोत. गळ्यातून काय ते मला शनिवारी कळेल."

मी थोडी भांडले, कारण "एकजण दहादा की दहाजण एकदा" हा प्रश्न तिचाच होता. पण भांडता भांडता लक्षात आलं की त्या प्रश्नाला नाव लागतच नाही. एक आणि दहा यांतला फरक कळण्यापुरता एक निरर्थक आकडा पुरे.

तर असं करायचं ठरलं आहे. प्रत्येक ब्राउझरला एक यादृच्छिक क्रमांक. तो लॉगिनशी, नावाशी, ईमेलशी जोडायचा नाही. दर धड्याच्या वर दोन ओळी: या धड्याचा कोणता भाग पुन्हा ऐकला जातो याची नाव न ठेवता नोंद होते, नको असेल तर हे बटण बंद करा. १८ खालच्या मुलांना मोजणी नसलेलं पान द्यायचं, अजिबात नोंद नाही. वकीलसाहेब, पालकांच्या पत्राचा मसुदा दाखवायला येते.

पलासिया, यात काही अडेल का?

---

पलासिया_चौक, इंदूर
गुरुवार, रात्री ११.३०

फारसं नाही. एवढंच की फोनवर आणि लॅपटॉपवर बघणारी एकच मुलगी दोन म्हणून दिसेल. आणि सफारीत सात दिवस साइट वापरली नाही तर तो ब्राउझर असा साठवलेला क्रमांक पुसतो, मग तीच मुलगी पुन्हा नवीन. चाळीसच्या जागी साठ दिसले तर दचकू नका. एका बैठकीतलं मागे-पुढे मात्र नीट कळेल, आणि तुमचं काम त्याच्यावरच आहे.

आमच्याकडे मी हे कधी नावाशिवाय करून बघितलं नव्हतं. नाव हवंच असं धरून चाललो होतो.

---

लष्करची_लेक, ग्वाल्हेर
तीन आठवड्यांनी, रविवार, दुपारी ४.००

पुढे काय झालं ते सांगायला धाग्यावर परत आले आहे. दहा धडे व्हिडिओ.जेएसवर हलवले, साध्या एमपीफोर फाइली, अजून एचएलएस नाही. मोजणी पलासिया यांच्या कप्प्यांची. दोन गोष्टी हाती लागल्या.

पहिली. तीन जुन्या धड्यांत बरेच जण पहिल्या मिनिटातच निघून जात होते. मला वाटलं सुरुवात कंटाळवाणी आहे, आई बोलते जास्त. पण शेजारच्या रकान्यात पहिलं चित्र दिसेपर्यंतचा वेळ बघितला, तर त्याच तीन धड्यांत तो भलताच मोठा. बाकीचे सात झटकन लागत होते. पलासिया यांनी फाइल मागवून घेतली आणि दहा मिनिटांत सांगितलं: एमपीफोरच्या आत एक अनुक्रमणिका असते, फोनवरून आलेल्या या तीन फाइलींत ती शेवटी आहे. ब्राउझरला आधी शेपूट शोधावं लागतं, मग वाजवायला लागतो. एफएफएमपेग या व्हिडिओच्या साधनाला 'फास्टस्टार्ट' सांगून त्या फाइली पुन्हा लिहिल्या. चित्राला हातही लावला नाही, फक्त अनुक्रमणिका पुढे आली. मुलं आता निघून जात नाहीत. नुसता 'कुठे सोडून गेले' हा आलेख बघितला असता तर मी आईला "कमी बोल" म्हणून सांगून मोकळी झाले असते.

दुसरी, तो हमीर. सतराव्या मिनिटाचा उंचवटा इथेही आला. एकाचा नाही, वेगवेगळ्या सात क्रमांकांचा. 'वेटिंग' तिथे एकही नाही, म्हणजे नेटचा दोष नाही. आईला वाटलं तान, तिथे एक सपाट तान आहेच. पण नोंदीत उड्या तानेच्या आठ-दहा सेकंद आधी पडत होत्या, अंतऱ्याच्या दुसऱ्या ओळीवर. बटण लावून फिरवलेल्या नव्हत्या, पट्टी चाचपडून मारलेल्या होत्या. म्हणजे शोधत होते.

मी दीडशे रुपयांचे इअरफोन घालून ती जागा ऐकली, जशी मुलं ऐकतात. त्या दिवशी तबल्याचा माइक जवळ होता. डग्ग्याच्या घुमाऱ्यात दोन शब्द पार बुडलेत. आईला ते कधीच जाणवलं नाही, तिला बंदिश पाठ आहे. मुलं बिचारी ते दोन शब्द पकडायला मागे जात होती आणि शनिवारी विचारायला लाजत होती.

तो अंतरा पुन्हा रेकॉर्ड करतो आहोत. खाली शब्द लिहून येतील.

---

खमाज_ऐकणारी, नागपूर
रविवार, सायंकाळी ५.२०

माझ्या गुरूंच्या एका जुन्या रेकॉर्डिंगमध्ये नेमकं असंच आहे. चार वर्षं मी तिथे एक शब्द चुकीचा म्हणते आहे असं आत्ता वाटायला लागलं. उद्या विचारते.

---

अमरकोश_वाचक, पुणे
रविवार, रात्री ९.००

लष्करताई, कप्प्यांचा कोड देता का? आमच्याकडे विद्यार्थी सगळे सज्ञान आहेत, सूचना वर लावतो. आणि चित्राचा दर्जा किती ठेवलात?

---

लष्करची_लेक, ग्वाल्हेर
रविवार, रात्री १०.१५

देते, पलासिया यांना विचारून घेतलं आहे, ते म्हणाले खुशाल द्या. उद्या इथेच चिकटवते.

चित्र ७२० ओळींचं होतं, साधारण दीड मेगाबिट. त्याने तीस मिनिटांचा धडा ३३०-३४० एमबी होतो. आता अर्ध्याहून खाली आणलं. आवाज मात्र १२८ किलोबिटच ठेवला, तो अख्ख्या धड्याचा तीस एमबीसुद्धा होत नाही. गाण्यात आईचा चेहरा थोडा धूसर दिसला तर चालतं. तुमच्याकडेही उच्चार ऐकायचे असल्याने हेच बरं पडेल. फळ्यावर लिहून दाखवत असाल तर तेवढे धडे ७२० वरच ठेवा.

आता थांबते. उद्या सकाळी आठला तबलजी येणार आहेत, माइकची जागा आजच आखून ठेवायची आहे.